दमनकाचा खटला

गेल्या चातुर्मासात आमच्या गावच्या देवळात सप्ताह चालू असता एका रात्री कीर्तनकारबुवांनी उत्तररंगात बगळ्याची आणि खेकड्याची गोष्ट लावली. म्हातारा बगळा तळ्याच्या काठी खोटे अश्रू ढाळतो, तळे आटणार म्हणून माशांस भिववितो, दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडतो असे सांगून एकेकाला चोचीत धरून नेतो आणि खडकावर बसून खातो; शेवटी खेकड्याची पाळी येते, त्याला खडकावरील काट्यांचा ढीग दिसतो आणि तो आपल्या नांग्यांनी बगळ्याची मान कातरतो. मान कातरली गेली तेव्हा सभामंडपात एकच हशा पिकला. आमच्या शेजारी बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने मात्र आपल्या आजोबांस विचारले, "आणि आधी खाल्लेल्या माशांचे काय झाले?" आजोबांनी त्याला कोंकणीतून दटावले, "ओगी राव, काणी सोंपली."

गोष्ट संपली होती हे खरे, पण प्रश्न संपला नव्हता. आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ वकिली करीत आहोत, आणि आमच्या धंद्यात जे मेले त्यांचे काय झाले हा पहिला प्रश्न असतो. मारणाऱ्याचे पुढे काय झाले हा दुसरा. पंचतंत्र वाचताना आपण हे दोन्ही प्रश्न सोडून देतो आणि युक्तीचे कौतुक करीत उठतो. असे का होते, आणि हा दोष ग्रंथाचा की आपल्या वाचनाचा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पंचतंत्राविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत. एक मत शाळेतील. त्याप्रमाणे हा मुलांचा ग्रंथ. प्रत्येक गोष्टीखाली एका ओळीचे तात्पर्य छापावे, मुलाने ते पाठ करावे, काम झाले. दुसरे मत पंडितांचे. त्याप्रमाणे हा ग्रंथ नीतीचा असला तरी त्यातील नीती म्हणजे राजनीती. धर्माधर्माशी तिला कर्तव्य नाही, फसवणारा जिंकला की ग्रंथकार समाधान पावतो. पहिल्या मताने ग्रंथ गुळमट होतो, दुसऱ्या मताने तो विषारी ठरतो. दोन्ही मते ज्या एका चुकीवर उभी आहेत ती आमच्या मते अशी, की गोष्ट कोण सांगतो आहे हे दोघेही पाहत नाहीत.

पंचतंत्रात जवळजवळ कोणतीही गोष्ट ग्रंथकार आपल्या तोंडाने सांगत नाही. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाच्या तीन जड मुलांस विष्णुशर्मा शिकवितो, हे बाहेरचे कुंपण. त्याच्या आत प्रत्येक तंत्राची एक मुख्य कथा, आणि त्या कथेतील पात्रे एकमेकांस पटविण्यासाठी आणखी गोष्टी सांगतात. म्हणजे या गोष्टी पुष्कळदा निकाल नसतात. त्या पक्षकारांनी आपापल्या बाजूने मांडलेले दाखले असतात. वकिलाने आपल्या युक्तिवादात जुना निवाडा वाचून दाखवला म्हणून न्यायाधीशाचे मत तेच आहे असे कोणी म्हणत नाही. पंचतंत्राच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तसे म्हणत आलो आहोत.

बगळा आणि खेकडा यांची गोष्टच घ्या. ती पहिल्या तंत्रात, मित्रभेदात येते. तेथे ती एक कोल्हा एका कावळ्यास सांगतो, कारण झाडाच्या ढोलीतील साप कावळ्याची पिल्ले खात असतो. ही कावळ्या-सापाची कथा पुन्हा दमनक नावाचा कोल्हा आपला भाऊबंद करटक यास सांगत असतो. तिच्याच पाठोपाठ दमनक सिंह आणि ससा यांची गोष्ट सांगतो. रोज एक जनावर मागणाऱ्या सिंहास सशाने विहिरीतील त्याचेच प्रतिबिंब दाखवून बुडविले ती. आणि दमनक या गोष्टी कशासाठी सांगतो? पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री आपण तोडू शकू, हे करटकास पटवून देण्यासाठी. म्हणजे खेकडा आणि ससा हे दमनकाचे आधार आहेत. "शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ" हे जे तात्पर्य आपण मुलांस घोकावयास लावतो, ते ग्रंथात एका निरपराध मित्राचा घात करावयास निघालेल्या कोल्ह्याचे म्हणणे आहे!

आता हे दाखले त्याच्या खटल्यास लागू पडतात काय, हे पाहिले पाहिजे. खेकडा मारतो तेव्हा तो बगळ्याच्या मानेवर लटकलेला आहे, खाली काट्यांचा ढीग आहे आणि मृत्यू क्षणावर आला आहे. ससा मारतो तेव्हा तो सिंहाचा त्या दिवसाचा घास म्हणून निघालेला आहे. दोघांनाही न्याय मागण्यास दुसरी जागा नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ९६ ते १०६ यांत, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यांत, खासगी बचावाचा जो हक्क सांगितला आहे त्याच्या मुळाशी असलेली भावना खेकड्याच्या बाजूने बोलते. सशाच्या बाबतीत कायदेपंडित क्षणभर थांबतील, कारण त्याने योजना आखून मारले. पण ज्या रानात राजाच भक्षक आहे तेथे प्रजेने दाद मागावी कोणाकडे, असा प्रतिप्रश्न आम्ही त्यांस करू. दमनकावर असा कोणताही प्रसंग आलेला नव्हता. संजीवकाने त्याला शिंगही दाखविले नव्हते. राजाचे लक्ष आपल्याकडून उडाले, शिकार कमी झाली, उष्टे मिळेनासे झाले, दरबारातले वजन गेले, एवढीच त्याची तक्रार. दाखला जीव वाचविण्याचा आणि खटला पद मिळविण्याचा. आमच्या न्यायालयात असा आधार वाचणाऱ्या वकिलास न्यायाधीश पहिल्या मिनिटातच खाली बसवतील. ग्रंथकाराने हा विसंवाद न कळून ठेवला असेल असे आम्हांस वाटत नाही. दुष्ट बुद्धीला चांगल्या गोष्टींचा तोटा कधी पडत नाही, हेच त्याला दाखवावयाचे आहे.

या मुख्य कथेचा गाभा असा. यमुनेच्या काठच्या रानात सोडून दिलेला संजीवक बैल धष्टपुष्ट होतो, त्याची डरकाळी ऐकून पिंगलक सिंह भितो. दमनक मध्ये पडून राजाकडून अभय मिळवितो आणि बैलास भेटीस आणतो. दोघांची मैत्री इतकी वाढते की दमनकाला जागा उरत नाही. मग तो सिंहास एकांतात सांगतो, संजीवक तुमच्या जिवावर उठला आहे. आणि बैलास एकांतात सांगतो, स्वामी उद्या तुमचे मांस वाटणार आहेत. येथपर्यंतची लबाडी सामान्य आहे, अशी कोणत्याही वाड्यात चालते. पुढची पायरी मात्र असामान्य. दोघेही पुरावा मागतात, तेव्हा दमनक दोघांस पुरावा देतो. सिंहास सांगतो: तो आज येईल तेव्हा शिंगे खाली करून, इकडे तिकडे बघत, बिचकत येईल, तसे दिसले तर समजा. बैलास सांगतो: स्वामी आज शेपटी उभारून, कान टवकारून, पंजे सावरून तुमच्याकडे रोखून पाहत असतील, तसे दिसले तर समजा.

आणि तसेच दिसते. कारण ज्याला भीती घातली आहे तो बिचकतच येणार, आणि ज्याला संशय घातला आहे तो रोखूनच पाहणार. प्रत्येकाने दुसऱ्याच्या अंगावर जे चिन्ह पाहिले ते आरोपानेच उत्पन्न केले होते. फौजदारी पुराव्याविषयी आम्ही जे काही वाचले आहे त्यात खोटी साक्ष, बनावट दस्तऐवज, पढविलेला साक्षीदार हे सर्व आले; परंतु खरा डोळ्यांदेखतचा पुरावा संपूर्ण खोट्या आरोपातून कसा जन्मास घालता येतो, हे इतक्या थोडक्या शब्दांत अन्यत्र पाहिल्याचे स्मरत नाही. पिंगलक खोटे पाहत नव्हता. संजीवकाची शिंगे खरोखरच खाली होती.

मग चूक कोठे झाली? एकाच ठिकाणी. पिंगलकाने संजीवकास एक प्रश्न विचारला नाही. या बैलास आपण अभय दिले आहे, त्याला मारावे कसे, अशी त्याची चलबिचल होते. पण तीही तो दमनकापाशीच बोलतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यापाशी बोलत नाही. कोणाचेही म्हणणे ऐकल्यावाचून त्याला दोषी ठरवू नये, हा नैसर्गिक न्यायाचा पहिला नियम आम्ही विधी महाविद्यालयात शिकलो; त्याची टीका म्हणून मित्रभेद वाचावा, असे आम्हांस आता वाटते. ग्रंथाने या तंत्रास वध असे नाव दिलेले नाही, भेद असे दिले आहे. दोघांना एकमेकांशी बोलता येणार नाही असे केले की वध आपोआप होतो.

हे सूत्र हाती धरून त्याच ग्रंथातील इतर प्राणघातक लबाड्या पाहाव्यात. मदोत्कट सिंहाने ऊंटास अभय दिलेले असते. सिंह जखमी होतो, शिकार बंद होते. मग कावळा, कोल्हा आणि चित्ता एक नाटक रचतात. प्रत्येक जण पुढे येऊन आपला देह स्वामीस अर्पण करतो आणि प्रत्येकास काही ना काही कारण सांगून नाकारले जाते. ते पाहून भोळ्या ऊंटास वाटते की ही केवळ शिष्टाचाराची रीत आहे. तोही पुढे येतो, आणि त्याला मात्र कोणी नाकारत नाही. अभय मोडले असे राजास म्हणावे लागत नाही, कारण ऊंटाने संमती दिली! भयाने किंवा गैरसमजाने दिलेली संमती ही संमती नव्हे, हे तत्त्व नव्या संहितेच्या २८ व्या कलमात आहे आणि जुन्याच्या ९० व्या कलमात होते. पण त्या सभेत ते बोलावयास कोणी नव्हते. आणि ही गोष्ट सांगतो कोण? मरणाच्या दारी असलेला संजीवक. दुर्जनांच्या दरबारात साध्या प्राण्याचे काय होते हे त्याला कळते, गोष्टही ठाऊक असते, तरी तो सिंहाकडे सरळ जाऊन विचारीत नाही. गोष्टी ठाऊक असणे आणि त्यांचा उपयोग होणे यांत केवढे अंतर आहे, हे दाखवणारी याहून करुण जागा या ग्रंथात नाही.

तिसऱ्या तंत्रातील दधिकर्ण मांजराची गोष्ट तर आमच्या धंद्याची आहे. कपिंजल पक्षी आपली ढोली सोडून बरेच दिवस बाहेर राहतो. ससा तेथे येऊन राहतो. पक्षी परत येतो आणि मालकीचा वाद पडतो. एक म्हणतो घर माझे, दुसरा म्हणतो ताबा माझा. असे दावे आमच्या दिवाणी न्यायालयांत आजही पडून आहेत. दोघे नदीकाठी तप करीत बसलेल्या मांजराकडे न्याय मागतात. मांजर धर्मावर सुंदर प्रवचन करते, अहिंसेची थोरवी गाते, आणि मग म्हणते, मी म्हातारा, मला नीट ऐकू येत नाही, जरा जवळ येऊन सांगा. दोघे जवळ येतात आणि एकाच वेळी दोघांचाही निकाल लागतो. महाभारताच्या उद्योगपर्वातही असे एक तपस्वी मांजर आणि त्याच्यावर विश्वासणारे उंदीर आहेत. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटावर एका पायावर तप करणारे मांजर आणि भोवती उंदीर कोरलेले आजही पाहावयास मिळतात. बेळगावकडच्या वाचकांस फार दूर जावयास नको. पट्टदकलच्या आठव्या शतकातील देवळांतही पंचतंत्रातील प्रसंग दगडात उतरले आहेत. देवळाच्या भिंतीवर ढोंगी तपस्व्याचे चित्र कोरण्याचे धैर्य आपल्या पूर्वजांत होते, ही गोष्ट आम्हां देवळांतून वावरणाऱ्यांनी विसरू नये. पिंगलकाने ऐकले नाही. दधिकर्णाने ऐकण्याचे सोंग केले. ऐकणे हे न्यायाचे पहिले काम आहे, हेच दोन्हीकडून सिद्ध होते.

आता दुसरा प्रश्न: मारणाऱ्याचे पुढे काय झाले? संजीवक मरतो. पिंगलकाचा पंजा रक्ताने माखतो, त्याला पश्चात्ताप होतो. करटक दमनकाची कडक निर्भर्त्सना करतो; धर्मबुद्धी आणि दुष्टबुद्धी यांची गोष्ट सांगतो, ज्यात झाडाच्या ढोलीत बाप लपवून झाडाचीच साक्ष काढण्याचा कपटी प्रयत्न उघडा पडतो. पण हाच करटक राजापाशी जाऊन एक शब्दही बोलत नाही. दमनक सिंहाजवळ बसून त्याची समजूत घालतो, राजाने असे हळवे होऊ नये म्हणतो, आणि मंत्रीपदावर राहतो. पडदा पडतो. शिक्षा नाही, चौकशी नाही.

हा शेवट पुढच्या वाचकांस सोसला नाही. इराणचा बादशहा खुसरो अनुशिरवान याच्या काळात, सहाव्या शतकात, बुर्झोय नावाच्या वैद्याने हा ग्रंथ पहलवी भाषेत नेला. तो पहलवी ग्रंथ आज उपलब्ध नाही; पण त्यावरून आठव्या शतकाच्या मध्यास इब्नुल मुकफ्फा याने अरबीत 'कलीला व दिम्ना' हा ग्रंथ सिद्ध केला. करटक आणि दमनक यांचीच ही नावे. या अरबी ग्रंथात बैल मेल्यानंतर एक संपूर्ण नवे प्रकरण आहे: दिम्नाचा खटला. मूळ संस्कृतात ते नाही, जुन्या सिरियाक भाषांतरातही नाही. म्हणून ते इब्नुल मुकफ्फाने स्वतः जोडले असे विद्वान मानतात. दोघा कोल्ह्यांचे रात्रीचे बोलणे एका चित्त्याने ऐकलेले असते. तो ते सिंहाच्या आईस सांगतो. ती मुलास न्याय करण्यास लावते. दिम्ना भर दरबारात असा काही बचाव करतो की वकिलाने शिकावे. अखेर दोन साक्षीदार उभे राहतात. इतके दिवस गप्प का होता, असे विचारता उत्तर मिळते की एकट्याच्या साक्षीने निकाल होत नाही हे ठाऊक होते. मग दिम्नास बंदिवासात उपाशी-तहानेला ठेवून मारतात.

वकील म्हणून हे प्रकरण आम्हांस आवडावे हे उघड आहे. पंचतंत्रात जे राहिले ते अरबी ग्रंथाने पुरे केले, असे आम्ही पुष्कळ वर्षे म्हणत होतो. आता तसे म्हणवत नाही. त्या खटल्यात आरोपीच्या जागी कोण उभा आहे आणि न्याय देणारा कोण, हे नीट पाहा. संजीवकाला ज्याने स्वतःच्या पंजाने फाडले तो सिंह आता न्यायासनामागचा राजा आहे, फसविला गेलेला बिचारा स्वामी आहे. दिम्नाच्या मृत्यूने तो शुद्ध होतो. दरबार सुटकेचा श्वास टाकतो. एका कोल्ह्यास शिक्षा दिली की ज्यांनी विचारले नाही ते सारे निर्दोष ठरतात. इब्नुल मुकफ्फास पुढे स्वतःच सत्तेच्या रोषाने क्रूर रीतीने मरावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे त्याला खटल्याची ओढ का वाटली हे समजते आणि त्याच्याविषयी आदरही वाटतो. पण विष्णुशर्म्याचा शेवट अधिक कठोर आहे. तो पिंगलकाचा पंजा धुऊ देत नाही. दमनक अजून बाजूस बसला आहे आणि राजा उद्याही त्याचेच ऐकणार आहे, या जागी तो ग्रंथ मिटतो. समोर बसलेले श्रोते कोण होते? राजपुत्र. म्हणजे उद्याचे पिंगलक. ग्रंथ दमनकांस लबाडी शिकविण्यासाठी नाही. दमनकांस ती येतेच. तो पिंगलकांस भिवविण्यासाठी आहे. अकराव्या शतकात कन्नडमध्ये पंचतंत्र आणणारा दुर्गसिंह हा चालुक्य राजाचा सांधिविग्रहिक, म्हणजे तह आणि युद्ध पाहणारा अधिकारी होता. हा ग्रंथ मुलांचा नाही हे त्याला कोणी सांगावे लागले नसेल.

खटला उशिरा झाल्यापेक्षा आधी चौकशी झाली तर काय घडते, हे पाहावयाचे असेल तर शांतिपर्वात जावे. तेथे भीष्म युधिष्ठिरास वाघ आणि कोल्हा यांची कथा सांगतो. हा कोल्हा शुचिर्भूत, मांस वर्ज्य केलेला. वाघ त्याला मंत्री करतो. जुने सेवक जळतात आणि राजाचे मांस चोरून त्याच्या घरी ठेवतात. वाघ वधाची आज्ञा देतो. तेव्हा वाघाची आई मध्ये पडते: डोळ्यांना जे दिसते तेही तपासून घे, दिसण्यात आणि असण्यात फरक असतो. चौकशी होते, कपट उघडे पडते, कोल्हा सुटतो. कथा येथे सुखाने संपावी. पण महाभारत तसे करीत नाही. वाघ गळ्यात पडला तरी कोल्हा मंत्रीपद नाकारतो. एकदा ज्याने विचारल्यावाचून वधाची आज्ञा दिली त्याच्या सेवेत पुन्हा विश्वास कसा धरावा, असे म्हणून तो रानात जातो आणि प्रायोपवेशनाने देह ठेवतो. चौकशीने जीव वाचतो. न विचारता केलेला अविश्वास मात्र चौकशीनेही भरून येत नाही. आमच्या दृष्टीने या साऱ्या परंपरेतील सर्वांत न्यायी कथा ही होय.

आमच्या मताविरुद्ध एक मोठा आक्षेप आहे आणि तो लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिसऱ्या तंत्रात कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी स्वतःला जखमी करवून घेऊन शत्रूंच्या, म्हणजे घुबडांच्या, आश्रयास जातो. रक्ताक्ष नावाचा एकच घुबड-मंत्री त्याला ठार करा म्हणतो. बाकीचे शरणागतास मारू नये म्हणून त्याला ठेवून घेतात. तो दिवसा त्यांच्या गुहेच्या तोंडाशी काटक्या रचून आग लावतो आणि सारा घुबडवंश जळून मरतो. येथे ग्रंथ त्याची मुक्तकंठाने प्रशंसा करतो. ज्यांनी दया केली ते मेले आणि दया करू नका म्हणणारा शहाणा ठरला. याचे समर्थन आम्ही करणार नाही. युद्धातील कावा म्हणून ते समजून घेता येईल, पण मुलांसमोर ते आदर्श म्हणून ठेवता येणार नाही. अशा गोष्टींचा परिणाम काय होऊ शकतो याचा पुरावा आपल्याच महाभारतात आहे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री वडाखाली जागा असतो. एक घुबड झोपलेल्या कावळ्यांस एकेक करून मारते हे तो पाहतो. आणि त्यावरून धडा घेऊन झोपलेल्या पांडव-शिबिरात शिरतो. पक्ष्याने पक्ष्यांच्या बाबतीत केले ते माणसाने माणसांच्या बाबतीत केले. गोष्टीतून माणूस काय उचलील याची हमी कोणता ग्रंथकार देणार?

ती हमी देण्याचे काम सांगणाऱ्याचे आहे, आणि म्हणून हा विषय आम्ही या मासिकाच्या वाचकांपुढे मांडीत आहोत. पुष्कळ वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या दोन महाजनांत तेढ पडली. दोघे बालमित्र. तिसऱ्या एका गृहस्थाने एकास सांगितले की येत्या सभेत तो तुमच्या काळातील हिशेब काढणार आहे. दुसऱ्यास सांगितले की तो वह्या गायब करणार आहे. सभेच्या दिवशी एक जण वह्या काखेत घट्ट धरून आला, आणि दुसरा वकिलास बरोबर घेऊन आला. प्रत्येकाला दुसऱ्याकडे पाहताच खात्री पटली. दावा अकरा वर्षे चालला. दोन्ही घराण्यांनी त्या काळात पालखीस एकत्र खांदा दिला नाही, आणि निकालापूर्वी दोघेही वारले. सभेस नेलेला तो वकील आम्हीच होतो. नोटीस लिहिण्यापूर्वी समोरच्या घरी जाऊन एकदा विचारा, असे आम्ही आमच्या अशिलास सांगितले नाही. त्या वेळी मित्रभेद आमचा पाठ होता.

तेव्हा आमची मागणी एवढीच आहे. कीर्तनकारबुवांनी खेकडा जरूर सांगावा, आजींनी ससा जरूर सांगावा, पुस्तके छापणारांनी जरूर छापावे. पण ही गोष्ट कोण, कोणास आणि कशासाठी सांगत होता, हेही सांगावे. दमनकाचे वाक्य तात्पर्य म्हणून छापू नये. आणि मध्येच एखाद्या मुलाने आधी मेलेल्या माशांची चौकशी केली तर त्याला गप्प बसवू नये. ते मासे मेले, कारण बगळा सांगतो ते दुसरे तळे खरोखर आहे काय, हे पाहून येण्याचे त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही. खेकड्याने विचारले, तोवर पुष्कळ उशीर झाला होता. मुलास एवढे सांगितले तरी त्याच्या प्रश्नाचे उत्तर होईल, आणि त्या रात्री आजोबांऐवजी आम्हीच ते द्यावयास हवे होते.